सातवं ग्रीन कुणाचं

आमच्या गोल्फ मैदानाबद्दल आजवर जेवढं छापून आलंय, त्यातलं निम्मं खोटं आहे आणि उरलेलं निम्मं हवामानाबद्दल आहे. हे मी रागाने म्हणतेय आणि पुढचंही रागानेच सांगणार आहे, तेव्हा ज्यांना सोसत नसेल त्यांनी इथेच थांबावं. बावीस वर्षं मी त्या मैदानाचं गवत राखतेय. कागदावर माझं पद ‘मैदान अधीक्षक’ असं आहे, पण सगळे मला माळीणबाई म्हणतात आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. माझ्या आधी एकेचाळीस वर्षं ही जागा बाबांची होती.

मैदान अगदी समुद्राला लागून आहे. गाव आणि पाणी यांच्या मधला वाळूचा लांबलचक पट्टा. ना शेतीच्या कामाचा, ना घर बांधायच्या. शंभर वर्षांपूर्वी तिथे मेंढ्या चरायच्या. वारा चुकवायला त्या वाळूच्या उंचवट्यांना पाठ लावून बसायच्या, आणि बसून बसून तिथे खड्डे पडले. आज त्याच खड्ड्यांना बंकर म्हणतात, आणि त्यांत चेंडू गेला की चांगली पदं भूषवलेली माणसं रडकुंडीला येतात. तर तिथे एक नामांकित रचनाकार आले. क्लबच्या दिवाणखान्यात त्यांचं तैलचित्र आहे. भरघोस मिशा, हातात नकाशाची गुंडाळी, नजर लांब कुठेतरी. आम्ही कामगार त्यांना ‘मोठे साहेब’ म्हणतो. मोठे साहेब अकरा दिवस हॉटेलात उतरले, त्यातले सात दिवस वाऱ्याला भिऊन बाहेरच पडले नाहीत, उरलेल्या चार दिवसांत अठरा होल आखले आणि गेले ते गेलेच. माणूस हुशार होता, मी नाही म्हणत नाही. मेंढ्यांचे खड्डे बुजवू नयेत इतकी अक्कल त्यांना होती. पण पुस्तकांत ते खड्डेही साहेबांच्याच नावावर आहेत, मेंढ्यांचा कुठे उल्लेख नाही.

आता गोल्फशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. चेंडू लांबून मारत मारत आणायचा आणि शेवटी एका भोकात घालायचा, की एक होल झाला. त्या भोकाभोवतीचं बारीक कापलेलं, सतरंजीसारखं दिसणारं गवत म्हणजे ग्रीन. ग्रीनला कुठे चढ, कुठे उतार, कुठे खोलगट भाग ठेवायचा, यातच रचनाकाराचा सगळा कस लागतो. आणि आमचं सातवं ग्रीन जगात प्रसिद्ध आहे. लोक विमानाने येतात, त्याचा फोटो काढतात आणि परत जातात. काही जण खेळतही नाहीत.

ते ग्रीन माझ्या बाबांनी केलंय.

मी सहा वर्षांची होते तेव्हा मोठं वादळ झालं. तीन दिवस समुद्र कडा खात होता. चौथ्या दिवशी बाबा मला खांद्यावर घेऊन बघायला गेले, तर साहेबांचं सातवं ग्रीन अर्धं पाण्यात गेलेलं, आणि झेंडा कड्यावरून खाली लोंबत होता. आठवड्याभरात उरलेलं अर्धंही गेलं. समितीने बाबांना सांगितलं, हंगामाच्या आत दुसरं करून ठेवा. कसं, ते सांगितलं नाही. नकाशे कुणाकडे होते, कुणास ठाऊक. बाबांनी चार माणसं आणि दोन हातगाड्या घेतल्या आणि तीस पावलं आत येऊन जागा धरली.

बाबांची पद्धत साधी होती. माती टाकायची, दाबायची, आणि झारीने वरून पाणी ओतून ते कुठे जातं ते बघत बसायचं. पाणी जिथे घुटमळेल तिथे मूठभर माती, जिथे धावत सुटेल तिथून मूठभर काढायची. मग वाऱ्याच्या दिवशी चेंडू हातानेच सोडून बघायचे. बाबा आयुष्यात गोल्फ खेळले नाहीत. पण समुद्रावरून येणारा वारा चेंडूला उडू देत नाही, हे त्यांना खेळणाऱ्यांपेक्षा चांगलं कळत होतं. म्हणून त्यांनी ग्रीनची पुढची बाजू मोकळी ठेवली, चेंडू घरंगळत आत यावा म्हणून. डावीकडे एक पाठ ठेवली, झोपलेल्या गाईसारखी. आणि मागे, समुद्राच्या बाजूला, एक उथळ खळगा, जिथे वारा पोचत नाही आणि चेंडू गुमान उभा राहतो. तीन महिने रोज तेच चाललं होतं. आई म्हणायची, ह्या माणसाने घरच्या झाडांना कधी एवढं पाणी घातलं नाही.

त्या वर्षीच्या अहवालात सचिवांनी एक ओळ लिहिली: सातवे ग्रीन पूर्ववत करण्यात आले. पूर्ववत! त्या एका शब्दाने बाबांचे तीन महिने गिळले. सचिव गेले, जुने सभासद गेले, आणि दहा-पंधरा वर्षांत सगळे धरूनच चालले की ते मोठ्या साहेबांचं ग्रीन. बाबांनी कधी चकार शब्द काढला नाही.

गेल्या वर्षी क्लबला शंभर वर्षं होणार म्हणून समितीने जाडजूड ग्रंथ काढायचं ठरवलं. लेखक बोलावले, मैदानांच्या इतिहासावर लिहिणारे. त्यांनी छापण्याआधीची पानं माझ्याकडे पाठवली. माझं मत हवं होतं असं समजू नका, गवतांची नावं तपासायला पाठवली होती. सातव्या ग्रीनवर साडेचार पानं होती. मी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून वाचत होते आणि समोर बाबा वर्तमानपत्र पसरून नखं कापत होते.

“बाबा, ऐका. ‘येथे निर्मात्याने वाऱ्यालाच आपला सहकारी केले आहे. डावीकडील उंचवटा म्हणजे एका प्रतिभावंताच्या धाडसाची स्वाक्षरी होय.’”

“छान लिहिलंय,” बाबा म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “छान? अहो, तुमची गाय आहे ती!”

“असू दे की. कुणाचं काय बिघडतंय?”

“माझं बिघडतंय!”

“तुझं लहानपणापासूनच बिघडलेलं आहे,” म्हणून ते परत नखांकडे वळले.

ब्याऐंशी वर्षांचा माणूस. हात थरथरतात, एका डोळ्याला धूसर दिसतं. हा ग्रंथ त्यांच्या हयातीतला शेवटचा. ह्यात नाव आलं नाही तर कधीच येणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी कपाटातला डबा काढला. त्यात गावातल्या फोटोवाल्याने काढलेले दोन फोटो होते. एक वादळानंतरचा, अर्ध्या ग्रीनचा. दुसरा तीन महिन्यांनंतरचा: नवीन ग्रीन, मागे चार माणसं, आणि पुढे हातात झारी घेतलेले बाबा, पोरसवदा हसणारे. बाबांना न सांगता मी ते पर्समध्ये टाकले आणि समितीच्या बैठकीला गेले.

आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. समोरचा बोलायला लागला की ते त्याच्या दातांकडे बघतात. मी दोन्ही फोटो टेबलावर आपटले आणि सगळं सांगितलं. वादळ, तीस पावलं, झारी, सगळं. आवाज चढला असेल, माझा चढतोच. मग लेखक महाशय खुर्चीतून उठले, फोटो भिंगाखाली धरले आणि म्हणाले, “हे तर मोठंच संशोधन आहे!” अध्यक्षांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी हवेत तरंगत घरी आले.

बाबा जेवत होते. मी सगळं रंगवून सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

“सगळ्यांना सांगितलंस?”

“सगळ्यांना! लेखक तर नाचायचेच बाकी होते.”

“मग आता ते मोडतील.”

“काय मोडतील?”

“सातवं.”

“काहीतरीच काय बोलता बाबा? जगात नावाजलेलं ग्रीन कोण मोडेल?”

“साहेबांचं म्हणून राहिलं होतं ते,” बाबा म्हणाले. “माळ्याचं आहे म्हटल्यावर कोण ठेवतो?”

मी हसले. हो, हसले. त्रेचाळीस वर्षं हा माणूस मूग गिळून का बसला होता, ते मला समोर सांगितलं जात होतं, आणि मी हसून भाजी वाढून घेतली.

पाचव्या आठवड्यात पत्र आलं. मोठ्या साहेबांचे मूळ नकाशे त्यांच्या पणतूकडे सापडले आहेत, शतकमहोत्सवानिमित्त सातवे ग्रीन निर्मात्याच्या मूळ संकल्पनेनुसार पुनःस्थापित करण्यात येईल, मैदान अधीक्षकांनी सहकार्य करावे. त्या पत्राबरोबर एक तज्ज्ञ आले. पांढरे स्वच्छ बूट, तिपाईवरचं यंत्र, आणि ‘आपण’ म्हणत मलाच हुकूम सोडायची सवय. मी त्यांना कड्यावर घेऊन गेले.

“तुमचं मूळ ग्रीन तिथे होतं,” मी पाण्याकडे बोट दाखवलं. “त्या लाटेच्या जरा पलीकडे.”

“आपण ते इथे करू. नकाशातला आकार जसाच्या तसा.”

“अहो, कड्यावरचा आकार आत आणून कसा चालेल? तिथे मागे खडक होता, वारा त्याला आपटून वर जायचा. इथे वारा जमिनीलगत सरळ येतो. चेंडू उभाच राहणार नाही.”

“आपली जबाबदारी निर्मात्याच्या हेतूशी आहे,” ते म्हणाले.

“आणि ज्याने हे केलं तो निर्माता नव्हे का?”

त्यांनी माझ्याकडे फार दयाळूपणे बघितलं. “त्यांनी उत्तम देखभाल केली,” ते म्हणाले. देखभाल! ते यंत्र उचलून समुद्रात भिरकावावं असं मनात आलं. ते भिरकावलं नाही, याचा मला अजून पस्तावा होतोय.

अध्यक्षांकडे गेले, विनवण्या केल्या. मी, जिने कधी कुणापुढे मान तुकवली नाही, ती त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर दाढदुखीच्या पेशंटांमध्ये दीड तास बसले. “ठराव झालाय हो,” ते म्हणाले. “आणि ही माहिती तुम्हीच तर आणलीत.” स्वतःच्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि धोंडाही चांगला निवडून.

त्याच सुमारास लेखकांनी सुधारलेली पानं पाठवली, पुन्हा गवतांची नावं तपासायला. सातव्याची तीच साडेचार पानं होती, फक्त विशेषणं बदलली होती. ‘धाडसी’ उंचवटा आता ‘विसंगत’ झाला होता. ‘अद्भुत’ खळगा ‘अनावश्यक’ झाला होता. जमीन तीच, माणूस तोच, त्याचे डोळे तेच. मी त्यांना फोन करून विचारलं, की दोन महिन्यांपूर्वी तुम्हाला तिथे प्रतिभा दिसली होती ती कुठे गेली? ते म्हणाले, “बाई, संदर्भ बदलला की अर्थ बदलतो.” मी फोन आपटला. गवतांची नावं मात्र बरोबर करून पाठवली, कारण गवताने कुणाचं काही वाकडं केलेलं नाही.

खणायच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, मला घेऊन चल. सकाळी सकाळी आमच्या छोट्या गाडीतून त्यांना नेलं. मला वाटलं होतं, आता ते रडतील, किंवा माझ्यावर ओरडतील. दोन्हीला मी तयार होते. ते हळूहळू काठी टेकत ग्रीनभर फिरले, गाईच्या पाठीवरून, खळग्यातून, आणि उजव्या कडेला येऊन थांबले.

“इथे बुरशी धरतेय.”

“बाबा, उद्या हे सगळं खणणार आहेत.”

“उद्या ना? आज तर गवत आहे. औषध आण.”

मी शेडमधून औषध आणलं, गुडघ्यावर बसले आणि हातभर जागेवर फवारलं. बाबा वरून बघत होते, “अजून जरा, त्या कडेला,” असं सांगत. मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि औषधाचा वास नाकात जात होता. दुसऱ्या दिवशी यंत्राने दीड तासात सगळं सपाट केलं.

ग्रंथ आला. चकचकीत, दोन किलो वजनाचा. बाबांचं नाव खरोखरच त्यात होतं, आडनावासकट, एकाही अक्षराची चूक नाही. दोनशे बाराव्या पानावर: ‘वादळानंतर देखभाल कर्मचारी श्री. अमुक अमुक यांनी केलेल्या सोयीस्कर बदलांमुळे सातव्या होलचे मूळ सौंदर्य अनेक दशके झाकोळले गेले होते.’ मला हेच हवं होतं, नाही का? नाव छापून यायला हवं होतं. ते पान मी बाबांना दाखवलं नाही. पण त्यांनी स्वतःच भिंग लावून शोधलं, वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “जड आहे. दाराला लावायला बरं पडेल.”

मग शतकमहोत्सवी स्पर्धा झाली. वारा आमच्याकडे नेहमी असतो, त्या दिवशी जरा जास्त होता आणि उलटा फिरून समुद्राकडे वाहत होता, इतकंच. सातव्यावर चेंडू ठेवला की ठेवलेल्या जागेवरून चालू पडायचा. एका नामवंत खेळाडूने भोकापासून दोन हातांवर चेंडू आणला, आणि तो मारायच्या तयारीत असताना चेंडू त्याच्या डोळ्यांदेखत मागे सरकत सरकत कड्यावरून समुद्रात गेला. लोक हसले. स्पर्धा दोन तास थांबवावी लागली. परदेशातून आलेले एक वयस्कर पाहुणे हातात जुना फोटो घेऊन मला विचारत होते, “बाई, सातवं कुठे आहे?” मी म्हटलं, “तुम्ही त्याच्यावर उभे आहात.” त्यांना ती थट्टा वाटली. आठवड्याने बघते तर पुढच्या भागात पाणी साचून गवत पिवळं पडायला लागलेलं. पांढरे बूट कधीच निघून गेले होते.

महिन्याने अध्यक्ष शेडमध्ये आले. एकटेच. मी गवतकापणीच्या यंत्राच्या पात्याला धार लावत होते.

“माळीणबाई,” ते म्हणाले, “सातवं पहिल्यासारखं करता येईल का?”

“पहिल्यासारखं म्हणजे कुणासारखं?”

“तुम्हाला माहीत आहे. फक्त गाजावाजा नको. वाऱ्यासाठी किरकोळ दुरुस्ती, एवढंच म्हणू. कागदोपत्री साहेबांचंच राहील.”

माझं डोकं असं फिरलं की हातातलं पातं आधी खाली ठेवलं, कुणाला लागू नये म्हणून. मी म्हटलं, करते. पण आधी समितीत ठराव करा, बाबांच्या नावाने, आणि दोनशे बाराव्या पानावर चिठ्ठी चिकटवा, प्रत्येक प्रतीत. ते म्हणाले, “अहो, ते आता कसं शक्य आहे? पुस्तकं जगभर गेलीत.” मी म्हटलं, मग तुमचे चेंडूही जाऊ देत समुद्रात. ते निघून गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या दातांकडे बघितलं नव्हतं.

घरी येऊन मी बाबांना ते सगळं सांगितलं, मान ताठ ठेवून. वाटलं, आज तरी ते म्हणतील, शाब्बास पोरी.

बाबा बघतच राहिले. “तू नाही म्हणालीस?”

“म्हणजे काय! तुमचं नाव खराब करून ठेवलंय, आणि वर चोरून तुमचंच ग्रीन हवंय त्यांना. लाज वाटायला पाहिजे!”

“ते विचारायला आले, सातवं परत कर म्हणून, आणि तू नाही म्हणालीस.” ते खुर्चीचे हात धरून उठायला लागले. मी पुढे झाले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. “नावाचं मला काय करायचंय गं? नाव मी मेल्यावर दगडावर पण येईल. ग्रीन कोण करणार मग? मला अजून दिसतंय एका डोळ्याने. फोन लाव त्यांना.”

“बाबा…”

“फोन लाव म्हणतो ना!”

माझ्या आठवणीत बाबा माझ्यावर ओरडले ते तेव्हाच. मी फोन लावला. अध्यक्ष म्हणाले, “समजूतदारपणा दाखवलात, बरं वाटलं.” तो समजूतदारपणा अजून माझ्या घशात अडकलेला आहे.

आता आम्ही रोज सकाळी सातव्यावर असतो. बाबांना मी दुमडत्या खुर्चीत बसवते. माझी माणसं माती टाकतात, मी झारी ओतते, बाबा पाण्याकडे बघतात आणि काठीने दाखवतात. इथे अजून मूठभर. तिथून काढ, पळतंय बघ. गाईची पाठ झाली आहे, मागचा खळगा अर्धा झाला आहे. बाबांचा हात आताशा कमी थरथरतो, किंवा मला तसं वाटतं.

परवा एक जोडपं कडेला येऊन उभं राहिलं, बाईच्या काखेत तो दोन किलोचा ग्रंथ. नवरा बराच वेळ त्या चढउतारांकडे बघत होता. मग त्याने बाबांना विचारलं, “आजोबा, तुम्ही इथे कामाला होतात का?”

“होतो.”

“काय डोकं असेल हो त्या माणसाचं! शंभर वर्षांपूर्वी वाऱ्याचा एवढा विचार!”

मी झारी खाली ठेवली आणि तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग त्या माणसाकडे वळून, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता, म्हणाले, “हो ना. हुशारच म्हणायचा.”

आणि ते इतके खूश दिसले की मला किंचाळावंसं वाटलं. मी फावडं उचललं आणि पार पलीकडच्या कडेला जाऊन माती ओढायला लागले, कारण तिथे आणखी एक मिनिट उभी राहिले असते तर बोलले असते.